सोपानरावांच्या कानाचा प्रश्न

सोपानरावांच्या घरातलं गाणं बंद पडलं, ते रांजणगावच्या एका कारखान्यामुळे. कारखान्याने थेट असं काहीच केलं नव्हतं. त्याने फक्त हृतिकला रात्रपाळी दिली. हृतिक हा सोपानरावांचा शेजारी, दोन्ही घरांत मिळून भिंत एकच. कंपनीची बस त्याला सकाळी शिरूरला सोडायची, आणि तो उशीवर डोकं टेकायला आणि सोपानराव आपला म्युझिक प्लेअर लावायला अगदी एकच गाठ पडायची.

प्लेअर काडेपेटीपेक्षा थोडासा मोठा. मुलाने, स्वराजने, बंगळुरूहून पाठवलेला. त्यात जुनी भावगीतं, नाट्यगीतं, गवळणी असं सगळं ठासून भरलेलं. आकार एवढासा, पण आवाज थेट वरातीतला. आपल्या गाण्यांनी अख्ख्या इमारतीची सकाळ प्रसन्न होते, अशी सोपानरावांची समजूत होती. माणसाने स्वतःबद्दल अशा एकदोन समजुती बाळगाव्यात. त्यांच्यावर दिवस बरे जातात.

हृतिकची बायको करिश्मा एक दिवस दारात येऊन उभी राहिली.

"आप्पा, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोल की."

"गाणी लई छान असत्यात तुमची. पण हे आत्ताच आलेत कामावरनं. कानावर उशी घेऊन पडलेत. काल मशिनीवर डुलकी लागली म्हणे त्यांना."

सोपानरावांनी चटकन प्लेअर बंद केला. "अगं, मग आधी का नाही सांगितलंस?"

"म्हणलं, तुम्ही एकटेच असता. तेवढीच सोबत."

आवाज मोठा आहे असं कुणी म्हटलं असतं, तर सोपानरावांना काही वाटलं नसतं. पण ते 'तेवढीच सोबत' मात्र लागलं. त्यांनी तालुक्याच्या खरेदी-विक्री संघात आयुष्यभर नोकरी केली होती. खतासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांनी त्यांना बोलून बोलून इतकं बेजार केलं होतं, की निवृत्तीनंतर पहिला महिनाभर ते मुद्दाम गप्प बसून राहिले. त्यानंतर गप्प बसण्यासाठी मुद्दाम काही करावं लागलं नाही. बायको, कस्तुराबाई, गेल्यापासून घरात बोलणारं असं ते एकच यंत्र होतं. ते बंद केल्यावर फ्रिजची घरघर ऐकू येऊ लागली. फ्रिज काही कुणाची विचारपूस करत नाही.

तेव्हा त्यांनी ठरवलं, कानात घालायचा हेडफोन आणायचा. स्वस्तातला, पण बरा. आपलं गाणं आपल्या कानात, हृतिकची झोप हृतिकच्या डोळ्यांत. एका दुपारचं काम.

ते तसंच झालंही असतं. पण पिशवी घेऊन जिना उतरताना शंकररावांनी विचारलं, "कुठं निघालात?" आणि सोपानरावांनी खरं ते सांगून टाकलं.

त्या इमारतीची एक रीत होती. कुणी काहीही विकत घेतलं, मिक्सर असो की चप्पल, ती वस्तू जिन्यातच अडवली जायची. खोक्यातून बाहेर काढून सगळ्यांच्या हातून फिरायची, किंमत विचारली जायची आणि 'फसलात' असं सांगितलं जायचं. त्यानंतरच ती मालकाच्या घरात शिरायची. शंकरराव या खात्याचे प्रमुख. एसटीत कंडक्टर होते. तिसऱ्या मजल्यावर राहायचे. बायको मुलीकडे नातवंडं सांभाळायला गेलेली, त्यामुळे खात्याला द्यायला वेळ भरपूर.

"हेडफोन कानावर बसायचा घेऊ नका," ते म्हणाले. "कान गरम व्हत्यात. आत घुसायचा घ्या."

"आत घुसायचा अजिबात घेऊ नका," तळमजल्यावरून आवाज आला. तो धुरपदाबाईंचा. "भावजी, मी अंगणवाडीत होते. पोरांच्या कानातनं वाटाणे काढलेत मी, चिंचोके काढलेत. कानात वस्तू जाती आपल्या मर्जीनं, येती तिच्या मर्जीनं."

"वहिनी, पोरं येगळी, सोपानराव येगळे."

"कानाच्या बाबतीत काय येगळं नसतं."

या चर्चेत सोपानराव चांगले अर्धा तास जिन्यात उभे होते. खूप दिवसांनी त्यांचे पाय दुखले, आणि त्यांना ते बरं वाटलं.

बाजारपेठेतल्या मोबाईलच्या दुकानात पृथ्वीराज नावाचा मालक होता. त्याने विचारलं, "आप्पा, पिन कुठली? गोल का टाइप-सी?"

ज्याने हयातभर युरियाच्या गोणीवरून नजर फिरवून वजन सांगितलं, त्याला पिन माहीत नाही असं म्हणणं जड जातं. सोपानराव म्हणाले, "चांगली असेल ती द्या."

"चांगली कुठली ते तुमच्या प्लेअरचं भोक ठरवतं. घेऊन या त्याला."

ते घरी गेले आणि प्लेअर घेऊन परत आले. भोक गोल निघालं. पृथ्वीराजने एक काळी, साध्या वायरची जोडी काढली. टोकांना मऊ रबराची बोंडं होती. "किमतीच्या मानानं हिचा आवाज झकास हाय," म्हणाला. त्याने ती लावून दिली, आणि सोपानराव दुकानात उभ्याउभ्या थांबून राहिले. गाणारी श्वास कधी घेते तेसुद्धा कळत होतं. तबला डावीकडे होता, पेटी उजवीकडे, आणि मधोमध सोपानराव बसलेले. त्यांनी पैसे दिले. प्रश्न मिटला.

संध्याकाळी रीतीप्रमाणे सगळे वर आले. शंकररावांनी बोंडं शर्टाला पुसून कानात घातली आणि मान डोलावली. धुरपदाबाईंनी पदराला पुसली, पण घातली नाहीत, लांबूनच कानाशी धरून ऐकली. करिश्मा म्हणाली, "मस्तय आप्पा!" सोपानरावांनी दोनदा चहा टाकला. फ्रिजची घरघर त्या संध्याकाळी कुणालाच ऐकू आली नाही. करिश्मा तेवढी लवकर उठली, गॅसवर दूध होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. येण्याचं कारणच नव्हतं. हेडफोन उत्तम होता, गाणी उत्तम होती. गाणं संपलं की दुसरं लागत होतं. ते संपलं की तिसरं.

तिसऱ्या दिवशी शंकररावांनी जिन्यात विचारलं, "कसाय हेडफोन?"

सोपानरावांनी तोंड उघडलं. 'छान' म्हटलं की बोलणं तिथेच संपणार होतं. शंकरराव 'चला' म्हणून खाली उतरणार होते आणि हे वर जाणार होते. सोपानराव म्हणाले, "डाव्या कानात जरा कमी येतंय."

"व्हय?" शंकररावांचा चेहरा उजळला. "मग चला की दुकानात! मी येतो संगं."

खोटं बोलण्याचं एक असतं. पहिलं खोटं घरातल्या पाहुण्यासारखं असतं. दोन दिवसांनी जाईल असं वाटतं, आणि ते अंघोळीचं पाणी मागतं. पृथ्वीराजने डावी बाजू तपासली, उजवी तपासली. "दोन्ही बरोबर हायत," म्हणाला. मग शंकररावांनी निदान केलं, की दोष हेडफोनात नसून बोंडात आहे, बोंड सोपानरावांच्या कानाला लहान पडतं. पाकिटात मोठ्या मापाचीही बोंडं होती. घरी आल्यावर शंकररावांनी स्वतः ती चढवली आणि सोपानरावांच्या कानात अंगठ्याने दाबली.

हेडफोन बाहेर आला. बोंड आतच राहिलं.

"मी काय सांगितलं व्हतं?" धुरपदाबाई वर येताना जिन्यातच बोलू लागल्या. त्या कोमट तेलाची वाटी घेऊनच आल्या होत्या. तेलाने बोंड आणखी आत सरकलं. मग तिघं कानाच्या डॉक्टरांकडे गेली. तिथल्या बाकावर सगळे कडेवरचे रुग्ण, आणि त्यांच्यामध्ये सोपानराव, दोन्ही बाजूंना सोबतीची माणसं.

डॉक्टरांनी आत बॅटरी मारली. "कुणी घातलं हे?"

"मी," शंकरराव अभिमानाने म्हणाले.

बोंड निघालं. सवयीने नर्सने सोपानरावांच्या हातावर लिमलेटची एक गोळी ठेवली, न रडल्याबद्दलची. शंकररावांनी ती निरखून पाहिली. "एकच? संगं आलेल्यांना न्हाई?" सोपानरावांचा मान त्या दिवशी बराच खालावला होता. तरी गावभर सांगण्यासारखी गोष्ट झाली होती, आणि ती सांगायला तिघं होती.

त्या आठवड्यात विचारणारे वाढले. बोंड निघालं का? आता कुठला घेणार? ती काळी जोडी टेबलाच्या खणात पडून होती. सोपानराव कधी कधी खण उघडून तिच्याकडे बघायचे आणि परत बंद करायचे.

शेवटी शंकररावांनी निकाल दिला, की वायर हेच सगळ्या दुखण्याचं मूळ आहे. हल्ली बिनवायरचे मिळतात. फोनवर स्वराजला सांगितलं. तो म्हणाला, "पप्पा, आधी सांगायचं ना, मी मागवतो." आणि मागवलेही. पण स्वराज नोकरीच्या सुरुवातीला दौंडला भाड्याने राहायचा. त्याच्या फोनमध्ये गावाकडचा पत्ता म्हणून तोच राहिला होता. पार्सल दौंडला गेलं. तिथला जुना घरमालक घर विकून गेलेला, त्यामुळे ते पार्सलवाल्यांच्या ऑफिसात जाऊन बसलं.

"परत पाठवायला सांगतो," स्वराज म्हणाला.

"नको नको," सोपानराव घाईने म्हणाले. "आम्ही जाऊन आणतो." आम्ही म्हणजे ते आणि शंकरराव. त्यांच्याखेरीज आणखी कुणी नव्हतं, पण आम्ही म्हणायला दोन पुरतात.

एसटी न्हावऱ्यावरून, चौफुल्यावरून गेली. वाटभर शंकरराव कंडक्टरच्या चुका काढत होते. हा घंटी दोनदा देतो, याला सुट्टे नीट ठेवता येत नाहीत. सोपानराव खिडकीशी बसून हूं हूं करत होते. बाहेर उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून उभ्या होत्या, आणि बस उशिरा पोचणार याचं त्यांना अजिबात वाईट वाटत नव्हतं.

ऑफिसात एक तरुण कॉम्प्युटरमागे बसला होता.

"पार्सल स्वराजच्या नावावर हाय. तुम्ही स्वराज का?"

"मी त्याचा बाप."

"प्रूफ?"

सोपानरावांनी आधार कार्ड दिलं. तरुणाने वाचलं. "यात तुमच्या वडलांचं नाव हाय. पोराचं न्हाई."

"बापाच्या कार्डावर पोराचं नाव कुठे असतं?"

"तेच म्हणतोय मी."

"आरं, मी साक्षीदार हाय!" शंकररावांनी टेबलावर हात आपटला. "बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी त्याच्या!"

"मामा, घुगऱ्या सिस्टिममध्ये घेता येत न्हाईत. त्यांच्या मोबाईलवर ओटीपी गेलाय, तो सांगा."

सोपानरावांनी फोन लावला. दोनदा कट झाला. तिसऱ्यांदा स्वराज दबक्या आवाजात म्हणाला, "पप्पा, मीटिंगमध्ये आहे. घ्या. सात, शून्य, दोन, नऊ. ठेवतो."

सोपानरावांनी आकडे सांगितले. तरीही थोडा वेळ फोन कानालाच होता. आठवड्यातलं बापलेकाचं बोलणं पार्सलापलीकडे गेलं नव्हतं.

"काय म्हणला पोरगा?" शंकररावांनी विचारलं.

"मजेत आहे म्हणाला."

संध्याकाळी जिन्यातच पार्सल फोडलं गेलं. पांढऱ्या डबीत दोन पांढरे दाणे, घेवड्याच्या बियांएवढे. धुरपदाबाईंनी डोळे मिटून घेतले. मग कळलं, की बिनवायरचं यंत्र बिनवायरच्याच यंत्राशी बोलतं, आणि सोपानरावांच्या प्लेअरला ती भाषा येत नाही. सगळे हळहळले. करिश्मा म्हणाली, "चालतात तरी का बघू," आणि तिने ते आपल्या फोनला जोडून पाहिले. फोनवर छान चालले. मग ती उठली, गॅसवर दूध होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी, नुसते कानात कसे बसतात ते पाहावं म्हणून, सोपानरावांनी ते दाणे घातले. टिंग असं वाजलं. पाठोपाठ फोनची रिंग वाजू लागली, थेट कानात. ते दचकले, काढायला बोट लावलं, आणि नेमकं बोट लागल्यावर फोन उचलला जातो हे त्यांना ठाऊक नव्हतं. कसं असणार? आदल्या दिवशीची ओळख लक्षात ठेवून दाणे भिंतीपलीकडच्या करिश्माच्या फोनला जाऊन चिकटले होते.

"करिश्मे, मी आई गं," एक बाई बोलू लागल्या. पाबळच्या रंभाबाई, करिश्माच्या आई. दिवाळीला येऊन सोपानरावांच्या हातचा चहा घेऊन गेल्या होत्या. "झोपलेत का पाव्हणे? आन् त्या शेजारच्या आप्पाचं मिटलं का हेडफोनचं?"

भिंतीपलीकडून करिश्माचा आवाज येत होता, "हॅलो? आई? ऐकू येईना काही. हॅलो?"

"तू म्हणलीस तेच खरं हाय बघ," रंभाबाई बोलतच होत्या. "पयलाच चांगला व्हता त्यांचा. उगं माणसं गोळा व्हावी म्हणून चाललंय बिचाऱ्याचं. तू जात जा बाई, न्हाई म्हणू नगं. पर जाताना गॅसवर दूध हाय म्हणून सांगत जा, म्हंजी उठायला सापडतं. ऐकतीस न्हवं?"

सोपानरावांना गप्प बसता आलं असतं. पण कुणी 'ऐकतीस न्हवं' म्हणून विचारलं तर उत्तर देणं हा सभ्यपणा आहे.

"ऐकतोय," ते म्हणाले. "मी सोपानराव बोलतोय."

मग "अगं बया," एवढंच, आणि फोन बंद.

सोपानरावांनी दाणे काढून डबीत ठेवले. रागवायचं कुणावर, हे ठरेना. बाई वाईट काहीच बोलल्या नव्हत्या. वाईट बोलल्या असत्या तर सोपं गेलं असतं. करिश्माला पहिल्यापासून सगळं कळत होतं आणि तरी ती येत होती, दूध नसलेला गॅस सोडून.

त्यांनी खण उघडला, काळी जोडी काढली आणि प्लेअरला लावली.

"मग? ठरला का कुठला?" शंकररावांनी जिन्यात विचारलं.

"ठरला. पहिलाच बरा आहे."

"आं? पयलाच?" गाडी रद्द झाल्याची पाटी वाचावी तसे शंकरराव त्यांच्याकडे बघत राहिले. "आन् डावा कान?"

"डावाही बरा आहे."

त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. हृतिक शांत झोपू लागला. करिश्मा जिन्यात दिसली की खाली बघून हसायची, आणि सोपानराव किल्ली शोधत असल्यासारखं करायचे. तिला बोलवायचं नाही आणि तिच्या दारातही पाऊल टाकायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. कुणाला खोटं दूध तापवायला लावू नये. ते दोन्ही कानांत बोंडं घालून खुर्चीत बसायचे. आवाज उत्तम. तबला डावीकडे, पेटी उजवीकडे. मधोमध कुणीतरी बसलेलं आहे, याची त्या दोघांना कल्पना नव्हती.

असंच एका दिवशी ऊन कलल्यावर कचऱ्याची पिशवी खाली न्यायला त्यांनी दार उघडलं. कडीला कापडी पिशवी अडकवलेली होती. पिशवीत स्टीलचा डबा. झाकणावर करिश्माच्या सासूचं नाव कोरलेलं. आत पुरणाच्या दोन पोळ्या, तुपाने माखलेल्या. डबा गार झाला होता. म्हणजे ती कधीतरी येऊन गेली, बेल वाजवली, थांबली असेल, पुन्हा वाजवली असेल. दिवसभर ज्या बेलची आपण वाट पाहतो ती वाजली, आणि सोपानराव घरात असून घरात नव्हते.

ते डबा घेऊन आत आले. उभ्यानेच एक पोळी खाल्ली. दुसरी बसून खाल्ली. मग डबा घासला, पुसला, आणि तो हातात धरून ते ओट्याशी थांबले. शेजाऱ्याचा डबा ठेवून घेता येत नाही. नेऊन द्यावाच लागतो, आणि तोही ज्याचा त्याच्या हातात. शिवाय रिकामा देत नाहीत. त्यात काहीतरी घालून द्यायचं असतं. कस्तुराबाई होत्या तोवर ते 'काहीतरी' कुठून येतं, याची चौकशी सोपानरावांनी कधी केली नव्हती.

साखर घालून देता आली असती. मूठभर साखर घातली की रीत पुरी होते आणि कुणी नाव ठेवत नाही. त्यांनी साखरेचा डबा काढला, झाकण उघडलं, थोडा वेळ साखरेकडे पाहिलं आणि झाकण लावून टाकलं.

ते जिना चढून वर गेले. शंकररावांच्या घरात टीव्ही मोठ्याने चालला होता आणि त्याच्यासमोर कुणी बसलेलं नव्हतं. शंकरराव खिडकीशी उभे होते.

"शंकरराव, एक अडचण आहे," सोपानराव डबा पुढे करत म्हणाले. "हा करिश्माचा. परत द्यायचाय. आत काय घालून द्यावं?"

शंकररावांनी डबा हातात घेतला. झाकण काढलं, आत बघितलं, बोट फिरवून खोली पाहिली.

"तुम्हाला करायला काय येतं?"

"चहा."

"चहा न्हाई घालता यायचा," शंकरराव गंभीरपणे म्हणाले. त्यांनी टीव्ही बंद केला. "धुरपदाबाईंना इचारावं लागंल. त्या शेंगदाण्याचे लाडू म्हणतील, पर ऐकू नका, त्यांचे लाडू फुटत न्हाईत. थांबा, चप्पल घालतो. ह्ये उभ्याउभ्या ठरायचं काम न्हाई."